काटकसर करूनही कर्ज का हलत नव्हतं? साडेचार वर्षांचा अनुभव आणि तुमचे अनुभव हवेत

उंबरठा

मागच्या महिन्यात शेवटचा हप्ता गेला. साडेचार वर्षं लागली. या विषयावर मी आधी फक्त वाचत असे, लिहायची हिंमत होत नसे. देणेकरी माणूस चारचौघांत बोलत नाही. म्हणून आता लिहितो आहे. जे अजून आत अडकले आहेत त्यांना यातलं काही उपयोगी पडावं.

सुरुवात केली तेव्हा एकूण देणं माझ्या हातात येणाऱ्या पगाराच्या सतरा पट होतं. दोन क्रेडिट कार्डं, एक वैयक्तिक कर्ज, एक गाडीचं कर्ज आणि बहिणीकडून घेतलेले उसने पैसे. पगाराचे शंभर भाग धरले तर ३८ भाग हप्त्यांत जायचे. उरलेल्या ६२ मध्ये घर भागायचं नाही, दर महिन्याला पाच-सहा भाग कमी पडायचे आणि ते पुन्हा कार्डावर चढायचे. म्हणजे एका हाताने फेडत होतो आणि दुसऱ्या हाताने काढत होतो.

काटकसर आम्ही लगेच सुरू केली होती, हे मुद्दाम सांगतो. बाहेर खाणं बंद, नको त्या वर्गण्या बंद, नवे कपडे बंद. पहिलं वर्ष असं काढलं की घरातली सगळी थकून गेली. वर्षाच्या शेवटी आकडे मांडले तर कर्ज जवळपास तिथल्या तिथे. बायको त्या रात्री काहीच बोलली नाही. नुसती वहीकडे बघत बसली. ते मला अजून आठवतं.

चूक सापडायला आणखी दोन महिने गेले. आम्ही वाचवत होतो, पण वाचलेला पैसा त्याच खात्यात पडून राहायचा. खात्यात शिल्लक दिसली की हात सैल होतो. चप्पल दुरुस्त करून वाचवलेले पैसे पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच कशावर तरी निघून जायचे, आणि आम्ही मात्र चप्पल दुरुस्त केली म्हणून समाधानात.

तेव्हापासून एकच नियम केला: जे वाचलं ते त्याच दिवशी कर्जाकडे पाठवायचं. रक्कम कितीही लहान असो. रिक्षाऐवजी चालत आलो तर ते भाडं त्याच रात्री कार्डावर भरायचं. सुरुवातीला इतकी लहान रक्कम भरताना लाज वाटायची. नंतर सवय झाली. दिवसाच्या शेवटी दोघं मिळून आज काय वाचलं ते वहीत लिहायचो आणि तेवढं भरायचो. त्या वर्षात पहिल्यांदा मुद्दल खाली सरकलेलं दिसलं. सहा महिन्यांत तूट बंद झाली आणि हप्त्यांवर आणखी नऊ-दहा भाग जायला लागले.

मी अर्थतज्ज्ञ नाही. इथल्या जाणकारांनी चुकलेलं दुरुस्त करावं. आणि तुम्ही कसे बाहेर पडलात, किंवा अजून अडकला असाल तर कुठे अडकला आहात, ते लिहा.

निळी_शाई

मनापासून लिहिलं आहे. अभिनंदन, दोघांचंही. त्याच दिवशी भरण्याच्या नियमामागे गणितही आहे, ते मांडते. हिशोब तपासणं हे माझं रोजचं काम आहे.

समजा कार्डावर १०० बाकी आहेत, व्याज महिना ३ टक्के. हे ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं तर वर्षाला साधारण ४२.६ टक्के होतात. बिलावर 'किमान देय' म्हणून बाकीच्या ५ टक्के लिहिलेले असतात असं धरू. तेवढेच भरत राहिलात, नवी खरेदी शून्य ठेवलीत, तरी बाकी निम्मी व्हायला ३२ महिने लागतात. १०० चे १० व्हायला जवळजवळ नऊ वर्षं. तोवर तुम्ही २१५ भरलेले असता आणि १० अजून शिल्लकच.

आता फरक बघा. पहिल्या महिन्याचं किमान देय ५.१५ आहे (व्याज धरून झालेल्या १०३ चे ५ टक्के). पुढच्या महिन्यापासून बिलावरचा आकडा कमी होत जातो, पण तुम्ही तो कमी होऊ द्यायचा नाही. दर महिन्याला तेच ५.१५ भरत राहायचं. एक पैसाही जास्त नाही. तरी सगळं देणं ३० महिन्यांत संपतं, एकूण भरणा साधारण १५२. आणि काटकसर करून ५.१५ चे ८ करता आले तर १६ महिने, एकूण १२७.

बिलावरचा किमान देय हा आकडा कर्ज फेडण्यासाठी नसतो. खातं थकीत होऊ नये एवढ्यापुरता असतो. हे मला कुणीतरी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं.

वाटसरू_७

+१. निळीशाईताई, ते ३२ महिने वाचून दोनदा गणित करून बघितलं. बरोबर आहे.

भर घालतो. कार्डावर बाकी ठेवली की बहुतेक ठिकाणी नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. म्हणजे आज घेतलेल्या वस्तूवर आजपासून व्याज. बरेच जण म्हणतात, "जुनी बाकी आहे, पण नवीन खरेदी तर मी वेळेवर भरतो." तसं ते होत नाही. जोपर्यंत संपूर्ण बाकी शून्य होत नाही तोपर्यंत ते कार्ड वापरायचंच नाही.

पिंपळपान

चांगला धागा. पण एक प्रश्न. पाच देण्यांपैकी आधी कुठलं फेडलंत? मी ऐकलंय की सगळ्यांत लहान आधी संपवायचं, म्हणजे उत्साह राहतो.

निळी_शाई

पिंपळपान, गणिताच्या बाजूने उत्तर स्पष्ट आहे. सर्वाधिक व्याजदर असलेलं आधी. बाकी सगळ्यांचा ठरलेला हप्ता चालू ठेवायचा आणि वरचा प्रत्येक पैसा त्या एकावर घालायचा. लहान आधी फेडण्यात व्याजाचं नुकसान होतं.

आडवाट

निळीशाई, गणित मान्य, निष्कर्ष पूर्ण मान्य नाही. माणूस कंटाळून मधेच सोडतो, ते तुमच्या गणितात येत नाही. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड गॅल आणि ब्लेक मॅकशेन या संशोधकांनी २०१२ साली कर्जातून बाहेर पडू पाहणाऱ्या लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. ज्यांनी आपल्या देण्यांपैकी जास्त खाती पूर्ण बंद केली, ते सगळं कर्ज संपवण्याची शक्यता जास्त निघाली. किती रक्कम फेडली यापेक्षा किती खाती मिटली याचा संबंध ठळक होता.

मी स्वतः लहान देणं आधी संपवलं. चार जणांचे फोन यायचे, ते तीन जणांवर आले. ती शांतता व्याजाच्या फरकापेक्षा मला मोलाची होती.

उंबरठा

आम्ही दोन्ही केलं. आधी सगळ्यांत लहान कार्ड संपवलं, पाच महिन्यांत. मग मात्र व्याजदराप्रमाणे. बहिणीचे पैसे बिनव्याजी होते म्हणून गणिताने शेवटी यायला हवे होते, पण मी ते तिसऱ्या क्रमांकावर घेतले. ती कधी मागायची नाही. तिच्या घरी गेलो की मीच नजर चुकवायचो. तिचे पूर्ण पैसे परत केले त्या दिवशी ती म्हणाली, "आता तरी नीट बसून बोल माझ्याशी."

नातं टिकवायचं असेल तर नातेवाइकाचं देणं फक्त व्याजाच्या तराजूत घालू नये, असं माझं ठाम मत आहे.

कोरी_वही

हा आयडी आजच काढला. माझं वय २६, नोकरी दोन वर्षांची. मोबाइलवरच्या चार ॲपमधून कर्ज घेतलंय. एकाचं फेडायला दुसऱ्याचं. घरी माहीत नाही. तुमची वहीची पद्धत मला करता येईल का? मला तर आकडे लिहायलाच भीती वाटते. एकूण किती आहे तेही नक्की माहीत नाही.

उंबरठा

कोरी_वही, येईल. मलाही पहिल्या दिवशी बेरीज करवत नव्हती. मी तीन दिवसांत केली. पहिल्या दिवशी फक्त नावं लिहिली, कुणाकुणाचं देणं आहे ते. दुसऱ्या दिवशी रकमा. तिसऱ्या दिवशी व्याजदर आणि तारखा. बेरीज मनात भीती घातली होती त्यापेक्षा जास्त निघाली, तरी त्या रात्री मला झोप लागली. आकडा कळला की निदान तो वाढतोय की कमी होतोय हे तरी दिसतं.

एक गोष्ट मात्र आजच करा. पाचवं ॲप उघडू नका. कितीही फोन आले तरी.

सांजवेळ

कोरी_वही, बाळा, घरात एका माणसाला सांग. कुणालाही, ज्याच्याशी बोलताना तुला कमी भीती वाटते त्याला. माझ्या नवऱ्याने तीन वर्षं लपवलं होतं. कर्जापेक्षा त्या लपवण्याने जास्त मोडतोड केली. मी काटकसर करत होते आणि मला कळत नव्हतं की पैसा जातो कुठे. मला आधी सांगितलं असतं तर तेवढ्याच पैशात आम्ही दीड-दोन वर्षं आधी सुटलो असतो, कारण घर चालवणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं की कुठे हात आखडता येतो.

आडवाट

सांजवेळ यांना अनुमोदन. आणि कोरी_वही, तुला आकडे लिहायची भीती वाटते यात तुझा दोष नाही. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली, एकदा कापणीआधी हात तंग असताना आणि एकदा कापणीनंतर पैसे हाती आल्यावर. माणसं तीच, पण तंगीच्या काळात त्यांना चाचणी जड गेली. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते. म्हणून अशा काळात मोठे निर्णय एकट्याने घेऊ नयेत. कागदावर उतरवावं आणि शेजारी कुणाला तरी बसवावं.

वाटसरू_७

कर्ज देणाऱ्यांशी स्वतःहून बोलण्याबद्दल लिहितो. हप्ता चुकण्याच्या आधी बोललात तर पर्याय जास्त असतात: मुदत वाढवणं, हप्ता कमी करून घेणं, काही महिन्यांची सवलत. चुकल्यावर बोललात तर दंड आधीच लागलेला असतो. जे ठरेल ते लेखी घ्यायचं, फोनवरच्या शब्दावर जायचं नाही. 'तडजोड' म्हणून कमी रकमेत खातं मिटवायची तयारी दाखवतात, तेव्हा तुमच्या पतनोंदीवर (तुम्ही कर्ज कसं फेडलं याच्या नोंदीवर) त्याचा डाग राहतो हे समजून मग ठरवा. डाग परवडण्यासारखी परिस्थितीही असते, मी नाही म्हणत नाही.

सगळी कर्जं एकत्र करून एकच नवं कर्ज घेण्याचा सल्लाही मिळेल. दर खरोखर कमी असेल तर चांगलं. पण दर तपासताना एक बघा. 'सपाट' १० टक्के आणि घटत्या शिलकीवर १० टक्के या वेगळ्या गोष्टी आहेत. तीन वर्षांसाठी सपाट १० टक्के म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ १८ टक्के, कारण तुम्ही मुद्दल फेडत जाता आणि व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या रकमेवरच मोजत राहतात. माझ्या ओळखीच्या एकाने 'कमी दर' म्हणून असं कर्ज घेतलं आणि रिकामी झालेली कार्डं पुन्हा वापरायला काढली. दोन वर्षांनी त्याच्याकडे दोन्ही होतं.

पिंपळपान

काटकसरीचे प्रत्यक्ष उपाय लिहा ना कुणी. 'खर्च कमी करा' सगळेच म्हणतात.

सांजवेळ

मी लिहिते, माझ्या घरात टिकले तेवढेच.

सगळ्यांत मोठा फरक रोख पैशाने पडला. आठवड्याचा घरखर्च दर सोमवारी रोख काढायचा आणि पाकिटात ठेवायचा. संपला की संपला. फोनवरून पैसे देताना काही गेल्यासारखं वाटतच नाही, नोट हातातून सुटताना वाटतं. फोनमध्ये जिथे जिथे कार्डाचा नंबर साठवलेला होता तिथून तो काढून टाकला. दर वेळी सोळा आकडे टाकायचे म्हटलं की अर्धी खरेदी आपोआप राहून जाते.

दुसरं, हव्याशा वस्तूंची यादी. वस्तू हवीशी वाटली की तारीख घालून कागदावर लिहायची आणि तीस दिवस थांबायचं. महिन्याने वाचलं की निम्म्या गोष्टी का लिहिल्या होत्या तेही आठवायचं नाही. जी अजूनही हवी असायची ती पुस्तक असेल तर वाचनालयातून, हत्यार असेल तर शेजाऱ्यांकडून, नाहीतर जुनी शोधायची.

तिसरं आम्हाला फार उशिरा सुचलं. वर्षातून एकदा येणारे खर्च, म्हणजे विमा, मुलांची फी, गाडीची दुरुस्ती, यांना आम्ही 'अचानक आलेला खर्च' म्हणायचो. ते अचानक नसतातच, तारीख ठाऊक असते. वर्षभरातल्या अशा सगळ्या खर्चांची बेरीज करून तिचा बारावा हिस्सा दर महिन्याला बाजूला काढायला लागलो, तेव्हा कार्ड काढायची वेळच येईनाशी झाली.

आणि एक कळकळीने सांगते. औषधपाणी, दातांचं दुखणं, आरोग्याचा विमा यात काटकसर करू नका. मी गुडघा वर्षभर अंगावर काढला. शेवटी खर्च तिप्पट झाला आणि तोही उधारीवर.

आडवाट

रोख पैशाबद्दल सांजवेळ म्हणतात त्याला आधार आहे. एमआयटीच्या ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सामन्याच्या तिकिटांसाठी लोकांना बोली लावायला सांगितलं होतं. काहींना रोख द्यायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांच्या बोली रोखवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, एका तिकिटासाठी तर दुपटीच्याही वर.

मातीचा_दिवा

सगळं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचं आहे, राग नसावा. ज्याच्याकडे कापण्यासारखं काही आहे त्याने काटकसर करावी. माझ्या घरात बाहेर खाणं नव्हतंच, वर्गण्या नव्हत्याच. कर्ज आजारपणाचं होतं. मी काय कापणार? 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलं की शेवटी मी माणसांत जाणंच सोडलं. अंथरूणच नसेल तर?

आम्ही सुटलो ते मिळकत वाढवून. मी संध्याकाळी दोन तास शिकवण्या घेतल्या, बायकोने शिवणकाम. शिवाय घरातली दोन वाहनं विकून एक जुनं घेतलं. वाहन विकून जेवढं देणं एका दिवसात उतरलं तेवढं दोन वर्षांच्या काटकसरीने उतरलं नसतं.

उंबरठा

मातीचा_दिवा, तुमचं म्हणणं पूर्ण खरं आहे आणि माझ्या पहिल्या लेखात ते यायला हवं होतं. खर्च एका मर्यादेखाली जात नाही. घरभाडं, प्रवास, किराणा, शाळा यांची बेरीजच मिळकतीहून जास्त असेल तर त्यात त्या माणसाच्या शिस्तीचा प्रश्न नाही, आणि त्याला म्हणी ऐकवणं क्रूरपणा आहे. आमचंही तिसऱ्या वर्षी अडलं होतं. गाडी विकली तेव्हा पुढे सरकलो. विकायला मी दोन वर्षं उशीर केला, लोक काय म्हणतील म्हणून. कुणी काहीही म्हणालं नाही.

तुम्ही शिकवण्यांचे पैसे कसे वेगळे ठेवलेत? आमच्याकडे वरकड मिळकत आली की तीही घरखर्चात विरघळायची.

मातीचा_दिवा

वेगळं खातं. ज्याला कार्ड नाही, फोनवर ॲप नाही. शिकवण्यांचे पैसे थेट तिकडे. महिन्यातून एकदा तिथून कर्जात भरणा. तुमची 'त्याच दिवशी'ची पद्धत कार्डाला चालते, पण आमच्या कर्जाला लहान रकमेचा जादा भरणा घेत नसत, शिवाय दर वेळी शुल्क. म्हणून साठवून भरायचो.

निळी_शाई

मुदतीच्या कर्जात जादा भरणा करणाऱ्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: किमान किती रक्कम घेतात, मुदतीआधी फेडल्याचं शुल्क आहे का, आणि जादा भरल्यावर हप्ता कमी करणार की मुदत. जमत असेल तर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करून घ्या, व्याज जास्त वाचतं.

आणि भरायचं तर सुरुवातीच्या वर्षांत. २० वर्षांच्या, ९ टक्के दराच्या कर्जात पहिल्या हप्त्याच्या शंभर भागांतले ८३ भाग व्याजात जातात, मुद्दलात फक्त १७. शेवटच्या वर्षांत हे उलटं झालेलं असतं, तेव्हा जादा भरून फारसा फायदा नाही.

पिंपळपान

कर्ज असताना बचत करायची की नाही? माझ्याकडे थोडी ठेव आहे, मोडवत नाही.

निळी_शाई

ठेवीवर मिळणारं व्याज आणि कर्जावर जाणारं व्याज शेजारी शेजारी लिहा. महिना ३ टक्क्यांचं देणं अंगावर ठेवून वर्षाला सहा-सात टक्क्यांची ठेव सांभाळणं म्हणजे तळ फुटलेल्या घागरीत पाणी भरणं. महिन्याभराच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवा, नाहीतर पहिल्याच अडचणीला पुन्हा उधारी होईल. बाकी मोडा.

सांजवेळ

एक महिना पुरत नाही हो. नोकरी कच्ची असेल, घरात म्हातारं माणूस असेल तर निदान तीन महिने. व्याज जाईल थोडं, जाऊ दे.

निळी_शाई

नोकरी कच्ची असेल तर मान्य.

कोरी_वही

धागा वर काढतोय. सात आठवडे झाले. त्या रात्री नावं लिहिली. चार नव्हती, सहा होती, दोन मी विसरलो होतो. मोठ्या बहिणीला सांगितलं. ती आधी खूप रडली, मग वही तिनेच हातात घेतली. जादा व्याजाची दोन तिच्या मदतीने मिटवली, तिला मी दर महिन्याला किती देणार तेही वहीत लिहिलंय. आणखी एक माझं मीच काल संपवलं, जुना फोन विकून आणि रोजच्या बारीकसारीक रकमा भरून. तीन उरली आहेत. मिटलेल्या एकाकडून अजूनही मेसेज येतायत की बाकी आहे. काय करू?

उंबरठा

फार बरं वाटलं वाचून. बहिणीला माझा नमस्कार सांग.

मेसेजला उत्तर म्हणून पैसे भरू नकोस आणि त्यातल्या लिंकला हात लावू नकोस. भरणा केल्याच्या पावत्या आणि खात्याचा उतारा एकत्र ठेव. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अधिकृत तक्रारपत्त्यावर लेखी कळव की अमुक तारखेला पूर्ण भरणा झाला आहे, खातं बंद केल्याचं आणि 'देणे बाकी नाही' असं पत्र द्या. ते हाती आलं की दोन-तीन महिन्यांनी तुझा पतअहवाल काढून बघ, तिथे खातं बंद दिसायला हवं. मी हे पहिल्या कार्डाच्या वेळी केलं नव्हतं. अकरा महिन्यांनी कळलं की एक किरकोळ शुल्क राहून गेलं होतं आणि त्यावर व्याज चढत होतं. उरलेल्या तिघांच्या बाबतीत शेवटचा हप्ता भरायच्या आधीच बंद करण्याची नेमकी रक्कम लेखी मागून घे.

कोरी_वही

आज रात्रीच पत्र लिहितो. मसुदा इथे टाकला तर कुणी बघाल का?

निळी_शाई

टाक. खाते क्रमांक आणि नाव खोडून टाक. मी जागी आहे.